कंपायलरच्या पोटातला कोड बदलताना: एलएलव्हीएममध्ये रिफॅक्टरिंगचा क्रम कसा ठेवावा

संभाजीनगर, नांदेड, लातूरहून जे विद्यार्थी आणि घरून काम करणारे अभियंते आपले पॅच (कोडमधल्या बदलांचे संच) दाखवतात, त्यांना सी++ चांगलं येतं. चुकतो तो क्रम. एकाच पॅचमध्ये फंक्शनचं नाव बदललेलं असतं, कोड दुसऱ्या फाइलमध्ये हलवलेला असतो आणि जाता जाता एक अटही सुधारलेली असते. रिव्ह्यू करणाऱ्याला यातलं काय कशासाठी केलंय तेच कळत नाही, आणि चांगला बदल महिनोन्महिने पडून राहतो.

खालचे टप्पे रिफॅक्टरिंगचे, म्हणजे चालू कोडची रचना सुधारण्याचे. ते एलएलव्हीएम, म्हणजे कंपायलर बांधण्यासाठीचा मुक्त-स्रोत प्रकल्प, समोर ठेवून लिहिलेत. कोड वाचता येतो, बिल्ड एकदा तरी करून पाहिलंय, एवढं गृहीत धरलंय.

## टप्पा १: बदलाची जात ठरवा

एडिटर उघडण्याआधी एका वाक्यात लिहा: या बदलानंतर कंपायलरचं आउटपुट बदलणार आहे की नाही? उत्तर "नाही" असेल तर तो एनएफसी, म्हणजे वागणुकीत काहीही फरक न करणारा बदल. एलएलव्हीएममध्ये अशा कमिटच्या शीर्षकात तशी खूण घालतात. ती एक हमी असते आणि वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवून पुढे वाचतो. उत्तर "हो" असेल तर काय बदलणार आणि ते कोणत्या टेस्टमध्ये दिसणार, हे आधीच सांगता आलं पाहिजे.

"थोडंसं बदलेल बहुतेक" असं उत्तर आलं, तर तुमच्या हातात दोन पॅच आहेत. ते इथेच वेगळे करा.

इशारा: रिफॅक्टरिंग करताना जुना बग सापडतोच. तो तिथल्या तिथे दुरुस्त करायचा नाही. वहीत टिपून ठेवा. त्याचा पॅच स्वतंत्र, स्वतःच्या टेस्टसकट, रिफॅक्टरिंगच्या आधी किंवा नंतर. मध्ये कधीच नाही.

## टप्पा २: मशीन आणि बिल्डची तयारी

आपल्याकडे बहुतेकांकडे ८ किंवा १६ जीबी रॅमचा लॅपटॉप असतो, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. डीबग बिल्ड लावलं की एलएलव्हीएम आणि क्लँग (त्यातला सी/सी++ कंपायलर) मिळून डिस्कवर १५ ते २० जीबी लागतात, आणि एकाच वेळी चार लिंकिंग सुरू झाल्या की मशीन गोठतं. म्हणून:

- बिल्डचा प्रकार रिलीज ठेवा, पण असर्शन्स (कोडमधली गृहीतकं चालताना तपासणाऱ्या ओळी) चालू करा. रोजच्या कामाला हीच जोडी बरी.
- सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करणारं साधन) एकाच वेळच्या लिंकिंग जॉबची मर्यादा वेगळी ठरवता येते. ८ जीबीवर ती १ ठेवा.
- लिंकर म्हणून एलएलडी वापरा, जनरेटर म्हणून निंजा. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं साधन) जोडा.
- टार्गेट, म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी कोड तयार होणार तो, सुरुवातीला फक्त एक्स८६. मात्र हे फक्त रोजच्या कामापुरतं. शेवटी सगळी टार्गेट्स बांधावीच लागतात.

उन्हाळ्यात दुपारी वीज जाते. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल डिस्कवर राहू शकते, आणि पुढच्या वेळी लिंकिंगला काहीतरी चमत्कारिक त्रुटी येते. तेव्हा कोडमध्ये शोधत बसू नका. त्रुटीत नाव आलेली फाइल काढून टाका आणि निंजा पुन्हा चालवा.

क्लोनबद्दल एक सल्ला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रिपॉझिटरी उतरवायची म्हणून बरेच जण उथळ क्लोन घेतात. नुसतं बिल्ड करायचं असेल तर चालेल. रिफॅक्टरिंग करणाऱ्याला मात्र एखादी ओळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे पावलोपावली पाहावं लागतं, आणि उथळ क्लोनमध्ये तो इतिहासच नसतो. कॉलेजच्या किंवा मित्राच्या ब्रॉडबँडवर एकदा पूर्ण क्लोन घेऊन ठेवा.

तपासणी: काहीही न बदलता एलएलव्हीएमचा पूर्ण टेस्ट संच चालवा. आधीपासूनच फेल होणाऱ्या टेस्ट लिहून ठेवा. हे न करणारा नंतर दुसऱ्याच्या फेल झालेल्या टेस्टमागे दोन दिवस घालवतो.

## टप्पा ३: व्याप्ती मोजा

जे फंक्शन, क्लास किंवा हेडर बदलायचंय, ते कोण कोण वापरतं? संपूर्ण रिपॉझिटरीत गिट ग्रेप (कोडमध्ये नाव शोधणारी आज्ञा) चालवा, फक्त एलएलव्हीएमच्या फोल्डरमध्ये नको. क्लँग, एमएलआयआर, फ्लँग, एलएलडीबी, पॉली हे सगळे उपप्रकल्प त्याच रिपॉझिटरीत आहेत आणि तेच हेडर वापरतात. तुमच्या बिल्डमध्ये ते चालू नसतील तर तुमच्याकडे सगळं हिरवं दिसेल आणि मर्ज झाल्यावर बाकीच्यांकडे तुटेल. एम६८के, एक्सटेन्सा, आर्क ही प्रायोगिक टार्गेट्स तर "सगळी टार्गेट्स" म्हटलं तरी बिल्ड होत नाहीत. त्यांची नावं वेगळ्या पर्यायात द्यावी लागतात. निदान ग्रेपमध्ये तरी त्यांना वगळू नका.

रिपॉझिटरीबाहेरचे वापरणारे दिसत नाहीत, पण असतात. रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया यांचे कंपायलर एलएलव्हीएमवर उभे आहेत. सी++ एपीआय (बाहेरच्या कोडने वापरायची फंक्शन्स आणि क्लास) स्थिर ठेवण्याचं वचन एलएलव्हीएमने कधी दिलेलं नाही, त्यामुळे ती बदलायची मुभा आहे. सी एपीआयच्या बाबतीत ती शक्यतो न मोडण्याचा प्रयत्न असतो. आणि बिटकोडच्या, म्हणजे आयआर या कंपायलरच्या आतल्या मधल्या भाषेच्या फाइलमध्ये साठवलेल्या रूपाच्या, बाबतीत बंधन कडक आहे: ३.० आवृत्तीपासूनचं बिटकोड आजच्या आवृत्तीला वाचता आलं पाहिजे. आयआरची रचना बदलत असाल तर जुनं रूप वाचताना नव्यात बदलणारा ऑटो-अपग्रेडचा कोड हा कामाचाच भाग आहे. तो "नंतर बघू" म्हणून सोडायचा नसतो.

## टप्पा ४: आधी टेस्ट, मग हात

ज्या कोडला हात लावणार आहात त्याचं आजचं वागणं टेस्टमध्ये पकडलेलं आहे का, ते पाहा. नसेल तर टेस्ट आधी, वेगळ्या कमिटमध्ये घाला. त्यात आजचं आउटपुट जसं आहे तसं नोंदवा, अगदी ते चुकीचं वाटत असलं तरी. पुढच्या कमिटमध्ये फरक फक्त बदललेल्या ओळींत दिसेल, आणि वाचणाऱ्याला तोच हवा असतो.

फाइलचेकच्या (टेस्टमध्ये अपेक्षित आउटपुट ताडून पाहणारं साधन) ओळी हाताने लिहू नका. त्या तयार करणाऱ्या स्क्रिप्ट रिपॉझिटरीतच आहेत, ऑप्टसाठी (ऑप्टिमायझेशन चालवणारं साधन) वेगळी आणि एलएलसीसाठी (आयआरपासून मशीनचा कोड बनवणारं साधन) वेगळी.

इशारा: याच स्क्रिप्टमुळे एक घातक सवय लागते. टेस्ट फेल झाली की स्क्रिप्ट चालवायची, ओळी नव्या होतात, टेस्ट पास. एनएफसी म्हणवणाऱ्या पॅचमध्ये स्क्रिप्टने एक ओळ जरी बदलली, तरी तो पॅच एनएफसी राहिला नाही. तिथेच थांबा आणि कारण शोधा.

## टप्पा ५: नवं जुन्याशेजारी उभं करा

शेतात नवी पाइपलाइन चालू होईपर्यंत जुनी उखडत नाहीत. इथेही तसंच: नवी एपीआय आधी जुनीच्या बाजूला येते, मग वापरणारे एकेक करून तिकडे जातात, मग जुनीवर "वापरू नका" अशी खूण चढते आणि सगळ्यात शेवटी ती काढली जाते. यातली प्रत्येक पायरी स्वतंत्र कमिट, आणि प्रत्येक कमिटला बिल्ड आणि टेस्ट हिरवे.

मोठे बदल असेच झालेत. पॉइंटरच्या प्रकारातून "कशाकडे बोट दाखवतो" ही माहिती काढायची होती, तेव्हा आधी २०१५ मध्ये लोड आणि गेट-एलिमेंट-पॉइंटर या इन्स्ट्रक्शनमध्ये तो प्रकार उघडपणे लिहायला सुरुवात झाली. ओपेक पॉइंटर, म्हणजे ती माहिती न बाळगणारे, डीफॉल्ट झाले ते २०२२ च्या एलएलव्हीएम १५ मध्ये, आणि जुन्या पॉइंटरचा आधार पूर्ण गेला २०२३ च्या १७ मध्ये. दोन टोकांच्या मधली वर्षं गेली ती हजारो ठिकाणचा कोड थोडा थोडा हलवण्यात.

डीबग माहितीचा बदल तर अभ्यासण्यासारखा आहे. व्हेरिएबलची माहिती पूर्वी आयआरमध्ये इन्स्ट्रक्शन म्हणून बसायची, त्यामुळे डीबग चालू-बंद केल्याने ऑप्टिमायझेशनवर परिणाम होण्याचा धोका असायचा. ती माहिती इन्स्ट्रक्शनला चिकटलेल्या रेकॉर्डमध्ये न्यायची होती. अडचण अशी की, "या इन्स्ट्रक्शनच्या आधी घाल" एवढं सांगून भागत नव्हतं. रेकॉर्डच्या आधी की नंतर, हेही कळायला हवं होतं. म्हणून आधी नुसत्या पॉइंटरऐवजी इटरेटर घेणारी फंक्शन्स आणली आणि वापरणारी ठिकाणं हळूहळू त्यांच्याकडे वळवली. मग नवं रूप एका स्विचमागे ठेवलं, दोन्ही रूपं सोबत चालवली, आणि एलएलव्हीएम १९ मध्ये नवं डीफॉल्ट झालं.

तुमचा बदल याच्या शंभराव्या हिश्श्याएवढाही नसेल. तरी क्रम हाच.

इथल्या तीन चुका सारख्या दिसतात.

पहिली बूलियनची. समजा, एका फंक्शनला पॉइंटर आणि त्यानंतर बूलियन असे दोन ऐच्छिक आर्ग्युमेंट आहेत, आणि तुम्ही त्यांच्या मध्ये एक नवा बूलियन घातला. सी++ मध्ये पॉइंटर आणि पूर्णांक आपोआप बूलियन होतात. जुने कॉल विनातक्रार कंपाइल होतात, फक्त किंमत भलत्याच जागी जाते. यावर उपाय म्हणजे नव्या रूपाला नवं नाव द्या, किंवा बूलियनऐवजी स्वतःचा एनम घ्या. जुना कॉल जिथे आहे तिथे कंपाइल तुटलंच पाहिजे; न तुटलेला जुना कॉल हाच खरा धोका.

दुसरी व्हर्च्युअल फंक्शनची. बेस क्लासमधल्या फंक्शनची सही (आर्ग्युमेंट आणि त्यांचे प्रकार) बदलली आणि एखाद्या टार्गेटच्या क्लासमध्ये "ओव्हरराइड" लिहिलेलं नसेल, तर तिथलं फंक्शन गुपचूप सुटं पडतं. त्याला कुणी बोलावतच नाही. सही बदलण्याआधी एक छोटा कमिट करून सगळीकडे ओव्हरराइड लिहून घ्या.

तिसरी घाईची: जुनं काढून टाकण्याची. एलएलव्हीएमच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात. जमेल तिथे जुन्या फंक्शनवर डेप्रिकेटेडची खूण लावा, संदेशात नव्या फंक्शनचं नाव द्या, रिलीज नोट्समध्ये ओळ घाला आणि बाहेरच्यांना किमान एक आवृत्ती मिळू द्या. रिलीज ब्रँच कापायच्या आदल्या आठवड्यात तर काहीच काढू नका.

तपासणी: प्रत्येक कमिटवर जाऊन बिल्ड होतं का? गिट रीबेसला प्रत्येक पायरीवर आज्ञा चालवायला सांगता येतं. रात्री लावून झोपा. मधला एखादा कमिट तुटलेला असेल तर उद्या बायसेक्ट करणारा, म्हणजे बिघाड कोणत्या कमिटने आला ते शोधणारा, तिथेच अडकतो.

## टप्पा ६: आउटपुट तेच आहे हे सिद्ध करा

नांदेडच्या एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, "सर, सगळ्या टेस्ट तर पास झाल्यात, मग रिव्ह्यूत अडवायलेत कशाला?" कारण टेस्ट पास होणं आणि आउटपुट तेच येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेस्ट कुणीतरी विचार करून लिहिलेल्या जागा तपासते. तुमचा बदल नेमका कुणी विचार न केलेल्या जागी हलतो.

म्हणून दोन कंपायलर बांधा, बदलाआधीचा आणि बदलानंतरचा. गिट वर्कट्रीने एकाच क्लोनमधून दोन फोल्डर होतात. दोघांना तोच सोर्स द्या आणि तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइल बाइट-बाइट ताडून पाहा. इनपुट म्हणून एलएलव्हीएमचा स्वतःचा टेस्ट-सूट आहे. एस्क्यूलाइटसारखी एकाच मोठ्या फाइलमध्ये मिळणारी लायब्ररीही चालते. ऑप्टिमायझेशनच्या ओ०, ओ२, ओ३ या पातळ्या, डीबग माहितीसह आणि तिच्याशिवाय, आणि एक्स८६ सोबत एआर्च६४ आणि रिस्क-व्ही, एवढं तरी करा.

इथे तीन गोष्टी फसवतात. एक, क्लँग स्वतःच्या आवृत्तीसोबत गिट कमिटचा हॅशही आउटपुटमध्ये लिहितो. दोन कमिट म्हणजे दोन हॅश, म्हणजे प्रत्येक फाइल वेगळी दिसणार. हॅश जोडणारा पर्याय दोन्ही बिल्डमध्ये बंद करा. दोन, डीबग माहितीत फाइलचा पूर्ण पाथ जातो, म्हणून दोन्ही वेळा सोर्स त्याच फोल्डरमधला हवा. तीन, इनपुट म्हणून एलएलव्हीएमचाच कोड वापरत असाल तर दोन्ही कंपायलरना एकाच वर्कट्रीचा द्या. ज्याला त्याला त्याचाच सोर्स दिला तर तुलना कशाची केली तेच उरत नाही.

फरक निघाला तर आधी या जागा पाहा.

आर्ग्युमेंटचा क्रम. हे नीट समजून घ्या, कारण ते "स्वच्छ कोड" लिहिण्याच्या नादातच घडतं. जुन्या कोडमध्ये तीन ओळी असतात: डाव्या बाजूची इन्स्ट्रक्शन बनवून एका व्हेरिएबलमध्ये ठेवली, उजव्या बाजूची दुसऱ्यात, आणि मग दोन्ही देऊन बेरीज बनवली. कुणीतरी व्हेरिएबल अनावश्यक म्हणून काढून बेरजेच्या कॉलमध्येच दोन्ही कॉल घालतं. सी++ ने आर्ग्युमेंटची आकडेमोड कोणत्या क्रमाने व्हावी हे ठरवून दिलेलं नाही. क्लँग डावीकडून जातो, जीसीसी बऱ्याचदा उजवीकडून. आयआर-बिल्डरचा (आयआर तयार करणारा क्लास) प्रत्येक कॉल ब्लॉकमध्ये इन्स्ट्रक्शन घालतो, म्हणजे एलएलव्हीएम कशाने बांधलं यावर त्याने तयार केलेल्या कोडमधला क्रम ठरू लागतो. तुमच्या मशीनवर टेस्ट पास, जीसीसीने बांधणाऱ्या मशीनवर फेल. ती तीन ओळींची रचना तशीच राहू द्या.

कंटेनरचा क्रम. पॉइंटर की असलेल्या डेन्समॅपवर किंवा स्मॉल-पॉइंटर-सेटवर (एलएलव्हीएमचे स्वतःचे कंटेनर) फिरून आउटपुट तयार करत असाल, तर क्रम मेमरीच्या पत्त्यांवर ठरतो आणि दर वेळी बदलू शकतो. घातलेल्या क्रमाने फिरायचं असेल तर मॅपव्हेक्टर किंवा सेटव्हेक्टर. ही चूक मुद्दाम उघडी पाडण्यासाठी उलट्या क्रमाने फिरवणारा एक बिल्ड पर्याय आहे. एकदा तरी तो लावून टेस्ट चालवा. एक्सपेन्सिव्ह चेक्सचा पर्याय लावला की एलएलव्हीएमचं सॉर्ट आधी घटक पिसून मग लावतं, त्यामुळे समान घटकांच्या क्रमावर विसंबलेला कोडही सापडतो.

असर्टमधलं काम. सेटमध्ये घटक घालण्याचा कॉल असर्टच्या आत लिहिला, तर असर्शन्स बंद असलेल्या बिल्डमध्ये घटक घातलाच जात नाही. टप्पा २ मध्ये असर्शन्स चालू ठेवायला सांगितलं आहे, म्हणून शेवटी एक बिल्ड ते बंद करूनही झालं पाहिजे.

वेग. आउटपुट तेच राहून कंपायलर मंदावला, तर तो बदलही नापास. पण परभणीत मे महिन्याच्या दुपारी लॅपटॉपवर सेकंद मोजून काही कळत नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पर्फने (लिनक्सवरचं मोजणीचं साधन) प्रोसेसरने चालवलेल्या इन्स्ट्रक्शनची संख्या मोजा. ती उन्हाने फारशी हलत नाही. एलएलव्हीएमचा कंपाइल-टाइम ट्रॅकरही मुख्यतः त्याच आकड्यावर चालतो.

## टप्पा ७: पॅच वाचणाऱ्यासाठी मांडा

कोड हलवणं आणि कोड बदलणं कधीच एका कमिटमध्ये नको. आधी जसाच्या तसा हलवा. गिट डिफमध्ये हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवायची सोय आहे. तिथे नवा म्हणून रंगलेला भाग जवळजवळ नसावा.

क्लँग-फॉरमॅट फक्त बदललेल्या ओळींवर चालवा. पूर्ण फाइल फॉरमॅट केली की दहा ओळींचा पॅच सहाशेचा होतो.

वर्णनात "कोड साफ केला" असं लिहू नका. आधी रचना कशी होती, तिने काय अडत होतं, पुढच्या कोणत्या कामासाठी ही वाट मोकळी होते आणि आउटपुट कसं ताडून पाहिलं, एवढं लिहा. एलएलव्हीएममध्ये पुल रिक्वेस्ट मर्ज होताना तिच्यातले कमिट एकत्र दाबले जातात, आणि तिचं शीर्षक आणि वर्णनच कमिटचा संदेश होतो. म्हणून वर जे कमिट स्वतंत्र ठेवायला सांगितलेत, त्या प्रत्येकाची पुल रिक्वेस्ट वेगळी. रिव्ह्यू चालू असताना सुधारणा नव्या कमिटने जोडा. फोर्स-पुश केलं की आधीच्या टिप्पण्या कुठल्या ओळीवर होत्या ते शोधावं लागतं.

बदल बऱ्याच भागांना शिवणारा असेल तर कोड पूर्ण करण्याआधी प्रस्ताव मांडा, आणि त्या भागाच्या देखभालकर्त्यांची नावं यादीत पाहून त्यांना कळवा. त्यांना "सर" म्हणून अर्जवजा लिहिण्याची गरज नाही. पहिल्या दोन ओळींत मुद्दा आला की पुरे. आठवडाभर उत्तर आलं नाही तर नम्रपणे आठवण करून देणं तिथे रीतीचंच आहे.

## टप्पा ८: मर्जनंतर

मर्जचं बटण दाबायचं ते पुढचे काही तास जागे आणि नेटवर असाल तेव्हाच. रात्री अकराला दाबून झोपायचं नाही. मर्जआधीच्या तपासणीत सगळे प्लॅटफॉर्म नसतात. बिल्डबॉट (मर्जनंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी मशीनं) मात्र सॅनिटायझरसह (मेमरीच्या चुका पकडणारी साधनं), जीसीसीने, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने आणि बिग-एंडियन मशीनवरही बांधतात. टप्पा ६ मधलं सुटलेलं काही असेल तर ते इथे निघतं.

बॉट लाल झाला आणि कारण तुमचा पॅच असेल, तर पंधरा मिनिटांत दुरुस्ती दिसत नसेल तेव्हा सरळ रिव्हर्ट करा, म्हणजे पॅच मागे घ्या. आपल्याकडची मुलं याला अपमान समजून घाईघाईत एकावर एक दुरुस्त्या ढकलतात आणि तोवर बाकीच्या सगळ्यांचं काम अडतं. तिथे रिव्हर्ट ही रोजची गोष्ट आहे. रिव्हर्टच्या संदेशात बॉटची लिंक आणि फेल झालेल्या टेस्टचं नाव द्या. तीच टेस्ट स्वतःच्या मशीनवर फेल करून दाखवता आली, की पॅच पुन्हा लावा, आणि पहिल्या वेळेपेक्षा नेमकं काय वेगळं केलं ते संदेशात लिहा.

एपीआय काढण्याचा शेवटचा कमिट राहिलेला असेल तर तो करण्याच्या दिवशी गिट ग्रेप पुन्हा चालवा. मधल्या काळात कुणीतरी जुन्या फंक्शनचा नवा कॉल लिहिलेला असतो.